करवत, कानस आणि एक कुटुंब

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधला तो सागवानी तुकडा आठवतो का? हाफ लॅप जॉइंट. जर्नलमध्ये आकृती काढायला दहा मिनिटं आणि प्रत्यक्ष जॉब कापायला तीन प्रॅक्टिकल्स. माझी करवत रेषेवरून निघायची आणि अर्ध्या इंचानंतर तिला भलतीकडेच जायचं असायचं. मी घामाघूम होऊन रेटत होतो तेव्हा कार्पेंट्री शॉपचे इन्स्ट्रक्टर (आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो) मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "दाबू नकोस रे. तिचं वजन तिला पुरतं. तू नुसता हात हलव."

मग त्यांनी कपाटातून स्वतःची करवत काढून माझ्या हातात दिली. तेलाचा हात फिरवलेलं काळपट पातं आणि घामाने गुळगुळीत झालेली लाकडी मूठ. दहा-बारा वेळा हात मागेपुढे झाला आणि तुकडा खाली पडला, तोही रेषेला धरून. मुठीवर पितळेचं एक गोल बटण होतं, नाण्यासारखं. त्यावर पुसट अक्षरं होती : एच. डिस्टन अँड सन्स, फिलाडा. काकांना ती त्यांच्या उस्तादांनी दिलेली. उस्तादांकडे कुठून आली ते त्यांनाही ठाऊक नाही.

या लेखाची सुरुवात त्या बटणापासून झाली. 'फिलाडा' म्हणजे फिलाडेल्फिया, हे कळायलाच मला दोन दिवस लागले. पुढचं वाचत गेलो तसं लक्षात आलं की आपण मेटलर्जी, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि इंडस्ट्रियल मॅनेजमेंट असे तीन वेगवेगळे पेपर ज्या गोष्टींसाठी देतो, त्या सगळ्या या एका घराच्या गोष्टीत आहेत.

हेन्री डिस्टनचा जन्म १८१९चा, इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरी गावचा. वडील लेस विणण्याच्या यंत्रांवर काम करणारे. १८३३ साली ते हेन्रीला आणि त्याच्या बहिणीला घेऊन अमेरिकेला निघाले. फिलाडेल्फियाला उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी वडील वारले. परक्या देशात चौदा वर्षांचा पोरगा आणि सोबत बहीण! तो एका करवत बनवणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि १८४० साली, एकविसाव्या वर्षी, त्याने स्वतःचं दुकान टाकलं. भांडवल म्हणजे साडेतीनशे डॉलर्सची हत्यारं आणि माल. भट्टीसाठी लागणारा कोळसा तो धक्क्यावरून स्वतः हातगाडीने ओढून आणायचा, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. अशा गोष्टी प्रत्येक कंपनीच्या इतिहासात असतात हे धरूनही, पहिली दहा वर्षं त्याची वाईट गेली हे खरं आहे. जागेच्या मालकांशी भांडणं झाली, १८४९ साली बॉयलरचा स्फोट होऊन कारखाना उद्ध्वस्त झाला. त्यानंतर त्याने भाड्याच्या जागेचा नाद सोडला आणि स्वतःची इमारत बांधली.

त्या काळी अमेरिकेत चांगली करवत म्हणजे इंग्लंडच्या शेफील्डची करवत, असं समीकरण होतं. देशी माल घ्यायला दुकानदार तयार नसत. आपल्याकडे 'इम्पोर्टेड आहे' म्हटलं की भाव वाढतो, तसंच. शिवाय अमेरिकेत करवत बनवायची तरी तिचं पोलाद शेफील्डहूनच यायचं. बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात शेफील्डजवळ मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली होती. मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळलं की त्यातला मळ वर येतो आणि कार्बन सगळीकडे सारखा पसरतो. करवतीच्या पात्याला हे फार महत्त्वाचं. पातं जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं, त्यात एक जागा कडक आणि शेजारची मऊ असली तर एक दात तुटेल आणि दुसरा बोथट होईल.

हेन्रीची अडचण साधी होती. ज्यांच्याशी स्पर्धा करायची त्यांच्याच गावाहून कच्चा माल आणायचा! १८५५ साली त्याने स्वतःची मुशीची भट्टी उभारली आणि ती चालवायला शेफील्डचेच कारागीर आणले. अमेरिकेत करवतीसाठी पोलाद बनवणाऱ्या पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते. पुढे १८६१मध्ये अमेरिकेने मॉरिल कायद्याने आयातीवरचा कर वाढवला आणि शेफील्डचा माल महागला. हेन्रीचं नशीब म्हणा. पण कर लागला तेव्हा त्याची भट्टी सहा वर्षं चालू होती, आणि बाकीचे बरेच जण तेव्हा कुठे विटा मोजत होते. संरक्षण मिळाल्यावर तयारीला लागणारे आणि आधीच तयार असलेले, यांत फरक पडतोच.

आता थोडं पात्याविषयी, कारण आपल्या व्हायवाला येण्यासारखी गोष्ट इथे आहे.

आपली करवत पुढे ढकलताना कापते. म्हणजे पात्यावर दाब येतो, आणि पातळ पट्टीवर दाब आला की ती वाकते, हे ऑयलरचं बकलिंग आपण शिकलोय. पातं जाड करावं तर वाकणार नाही, पण खाच रुंद होणार, भुसा जास्त पडणार आणि हात भरून येणार. पातळ करावं तर जाडीच्या घनाच्या प्रमाणात ताठपणा जातो. जाडी निम्मी केली की आठवा हिस्सा उरतो. मग 'कडक पोलाद घ्या' असं आपण पटकन म्हणतो. मीही म्हटलं होतं आणि चुकलो होतो. पोलादाला पाणी दिल्याने त्याचा यंग्ज मॉड्युलस बदलत नाही. मऊ पट्टी आणि कडक पट्टी सारख्याच दाबाला वाकतात. फरक पुढे दिसतो. मऊ पट्टी वाकून तशीच राहते, नीट पाणी दिलेली पट्टी टणकन सरळ होते. म्हणून करवतीचं पातं लालभडक तापवून तेलात बुडवायचं, ते काचेसारखं ठिसूळ झालं की पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढायचा. साध्या कार्बन पोलादाला ही दुसरी आच साधारण तीनशे अंशांच्या आसपास द्यावी लागते.

इथवर भट्टीचं काम. त्यानंतर जे होतं ते मला सगळ्यात भारी वाटलं. पाणी दिल्यावर पातं थोडंफार वेडंवाकडं होतंच. मग एक कारागीर ते ऐरणीवर ठेवून हातोडीने ठोकायचा. सरळ करायला ठोकायचाच, पण पात्याचा मधला भाग मुद्दाम किंचित ताणण्यासाठीही ठोकायचा. मधला भाग पसरू पाहतो, कडा त्याला पसरू देत नाहीत, आणि त्या ओढाताणीत कडांमध्ये ताण बसतो. काम करताना दाब आला की तो आधी हा ताण खातो. सिव्हिलवाल्यांनो, हे तुमचं प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच की! फक्त इथे केबल नाही, हातोडी आहे. आणि किती ठोकायचं याचं कोष्टक नाही. पातं वाकवून उजेडात धरायचं आणि त्याचा बाक डोळ्यांनी वाचायचा. ही नजर यायला वर्षं लागायची.

मग घासकाम. दातांच्या बाजूला पातं जाड आणि पाठीकडे पातळ होत जातं. त्यामुळे खाच दातांनी पाडली की मागचं पातं तिच्यात अडकत नाही, आणि दात जास्त फाकवावे लागत नाहीत. १८७४ साली डिस्टनने पाठीला बाक दिलेल्या करवतीचं पेटंट घेतलं. सरळ पाठीऐवजी हलका खोलगट बाक, त्यामुळे टोकाकडचं वजन कमी. पुढे 'डी-८' नावाने ती घरोघरी गेली. काकांच्या करवतीला तसाच बाक आहे. म्हणजे बटणावरचं 'अँड सन्स' आणि हा बाक, एवढ्यावरून ती १८७४नंतरची हे सांगता येतं, कारण नावात 'सन' आलं १८६५ला आणि त्याचं 'सन्स' झालं १८७१ला. पात्यावर मुठीजवळ ८चा आकडा ठोकलाय. तो मॉडेलचा असेल असं मला वाटलं होतं. काका म्हणाले, इंचात आठ टोकं. पट्टी लावून मोजलं तर इंचात दात सातच भरतात, पण दोन्ही कडांवरची टोकं धरून आठ. बरोबरच होतं.

एक गंमत राहिली. जुन्या डिस्टनच्या पात्याच्या पाठीवर टोकाजवळ एक छोटीशी नखाएवढी चोच असते. ती कशासाठी यावर सुतारमंडळी आजही तावातावाने वाद घालतात. कुणी म्हणतं कापायला सुरुवात करण्यासाठी, कुणी म्हणतं दातांवरचं झाकण दोरीने बांधण्यासाठी. कंपनीने स्वतःच लिहून ठेवलंय की तिचा उपयोग काही नाही, ती शोभेची आहे. तरी वाद चालू आहे. हॉस्टेलच्या मेसमधल्या चर्चेसारखा.

कारखाना वाढला तशी शहरातली जागा पुरेना. १८७१-७२च्या सुमारास हेन्रीने फिलाडेल्फियाच्या ईशान्येला, डेलावेअर नदीकाठी, टॅकोनी इथे जमीन घ्यायला सुरुवात केली. सगळा कारखाना तिकडे हलायला वीसेक वर्षांहून जास्त काळ लागला. तिथे त्याने कामगारांसाठी गावच वसवलं. घरं बांधली आणि हप्त्यांवर विकली. आणि जमिनीच्या कागदपत्रांतच अटी घातल्या : या जागेवर दारूविक्री नाही, कत्तलखाना नाही, चामडं कमावण्याचा उद्योग नाही. आपल्याकडे किर्लोस्करवाडी वसली १९१०मध्ये; टॅकोनी त्याच्या आधीचं. अशा गावाबद्दल माझं मत पूर्ण चांगलं नाही. मालकच घर देणार, मालकच ठरवणार की कोपऱ्यावर काय विकावं. नोकरी सोडायची तर शेजारपाजारासकट सगळं सोडायचं. पण पात्याचा बाक वाचणारी ती नजर बापाकडून मुलाकडे जायला कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर तीन पिढ्या राहाव्या लागतात, हेही तितकंच खरं. टॅकोनीत तसंच झालं. एकाच घरातले आजोबा, वडील, नातू करवतीच्या कामावर, अशी कुटुंबं तिथे होती.

१८७८ साली हेन्री गेला आणि थोरला मुलगा हॅमिल्टन गादीवर आला. याची गोष्ट वेगळीच. कारखान्यात उमेदवारी करताना कुठे आगीची घंटा झाली की हा काम टाकून स्वयंसेवक म्हणून आग विझवायला पळायचा. यादवी युद्धात सैन्यात नाव नोंदवलं तर वडिलांनी पैसे भरून सोडवून आणलं. आता हा मालक झाला. १८८१ साली फ्लोरिडा राज्य कर्जात बुडालं होतं. याने त्यांच्याकडून ४० लाख एकर जमीन १० लाख डॉलरला घेतली. एकरी २५ सेंट! ४० लाख एकर म्हणजे सोळा हजार चौरस किलोमीटरच्या वर, आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याहून थोडी जास्तच. बरीचशी जमीन दलदलीची. कालवे खणून पाणी काढायचं, ऊस लावायचा, वस्त्या वसवायच्या, असा बेत. काही कालवे झाले, काही तळी जोडली गेली, साखरेचा कारखानाही निघाला. मग १८९३ची मंदी आली आणि १८९६ साली एक्कावन्नाव्या वर्षी हॅमिल्टन अचानक वारला. फ्लोरिडाच्या उद्योगात घरच्या बाकीच्यांना रस नव्हता. ती जमीन हातची गेली.

करवतीचा कारखाना मात्र टिकला. दुसऱ्या पिढीच्या एवढ्या मोठ्या साहसातूनही टिकला, कारण ते पोलाद आणि ती माणसं टॅकोनीतच होती. माझ्या मते कंपनीचा सगळ्यात चांगला काळ त्यानंतरचा. करवतीबरोबर ते कानसही स्वतः बनवत. करवत, हत्यारं आणि कानस यांची निगा कशी राखायची याची पुस्तिका छापत : दात कसे घासायचे, कोन किती ठेवायचा, दात एकाआड एक किती वाकवायचे. धंदा म्हणून बघा. डिस्टनची करवत वीस वर्षं चालायची, म्हणजे वीस वर्षं त्या घरी दुसरी करवत खपणार नाही. पण त्या वीस वर्षांत कानशी खपणार, आणि नातवाला करवत घेताना नाव ठरलेलं असणार.

हे जमायचं कारण पाण्याचं प्रमाण. पातं इतकंच कडक ठेवलेलं असतं की कानस त्याला खाऊ शकेल. रॉकवेल 'सी' मापावर चांगल्या जुन्या पात्याची कठीणता साधारण पन्नासच्या आसपास आणि कानशीची साठीच्या पुढे. पातं आणखी कडक केलं असतं तर धार जास्त टिकली असती, पण ती संपल्यावर कानस नुसती घसरली असती. म्हणजे ही करवत बनवतानाच बनवणाऱ्याने गृहीत धरलंय की ती वापरणाऱ्याला धार लावता येते.

पुढे घसरण कशी झाली? सगळे म्हणतात विजेची करवत आली. ते खरंच आहे. शिकागोमध्ये १९२४पासून हातात धरायची विजेची गोल करवत विकली जाऊ लागली. डिस्टननेही हातावर हात ठेवले नव्हते. १९२८ साली त्यांनी हातकरवतींची सगळी मांडणी बदलली, पाती अरुंद केली. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी करवती बनवल्या. पण युद्धानंतर कारखाना जुना झालेला, स्वस्त माल बाजारात आलेला आणि हातात रोकड कमी. जुन्या करवती जमवणारे लोक सांगतात की या काळातल्या मुठी बघितल्या की कळतं. आधी सफरचंदाच्या लाकडाची, हाताच्या आकाराला घडवलेली मूठ; नंतर यंत्रातून निघालेली जाडजूड, चौकटी. मूठ बघून कंपनीची बॅलन्स शीट वाचता येते म्हणायची!

नोव्हेंबर १९५५मध्ये, ११५ वर्षांनंतर, घराण्याने कंपनी विकली. घेणारी एच. के. पोर्टर ही पिट्सबर्गची कंपनी, एकेकाळी छोटी रेल्वे इंजिनं बनवणारी. तिचा सूत्रधार टॉमस मेलन एव्हन्स कंपन्या विकत घेण्यासाठीच प्रसिद्ध होता. हातहत्यारांचं काम यथावकाश टॅकोनीतून व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलला गेलं. १९७८ साली नाव स्वीडनच्या सँडविककडे गेलं, मग आणखी हात बदलले. टॅकोनीच्या जुन्या जागेच्या एका भागात डिस्टन प्रिसिजन या नावाने कारखान्यांसाठी लागणारी पाती एकविसाव्या शतकातही बनत होती. पण पितळी बटणाची ती करवत नव्हती.

मला राहून राहून वाटतं की विजेच्या करवतीने अर्धंच काम केलं. उरलेलं केलं ते कडक दातांच्या करवतीने. आपल्या शॉपमध्ये मागच्या वर्षी नव्या आलेल्या करवती बघा, दातांच्या टोकांना निळसर-काळी पट्टी दिसते. फक्त दात विजेच्या प्रवर्तनाने तापवून अतिकडक केलेले असतात. पहिल्या दिवशी त्या काकांच्या करवतीइतक्याच छान कापतात, खोटं कशाला बोला. धारही बरीच टिकते. पण गेली की गेली. दातांवर कानस घसरते. पहिल्या सहामाहीत त्यांतल्या चार करवती भंगारच्या खोक्यात गेल्या. किंमत कमी असल्याने कुणाला वाईटही वाटलं नाही. मी काकांना विचारलं, "नव्या चांगल्या की जुनी?" ते म्हणाले, "नवीन चांगलीच आहे. फक्त तिला माझी गरज नाही."

ते हसत म्हणाले, पण मला रात्रभर ते वाक्य आठवत होतं. येत्या मेअखेर काका रिटायर होतायत. त्यांच्या जागी कोण येणार ते ठरलेलं नाही, आणि पूर्ण शॉपमध्ये करवतीला धार लावता येणारे ते एकटेच आहेत. सिलॅबसमध्ये 'सॉ शार्पनिंग' हा शब्द आहे, प्रॅक्टिकल नाही.

म्हणून आम्ही तिघांनी त्यांच्या मागे लागून कबूल करून घेतलंय. सत्र संपेपर्यंत दर शनिवारी दुपारी तीन ते पाच, कार्पेंट्री शॉपमध्ये, काका दात घासायला शिकवतील. शॉपच्या जुन्या सात करवती गंजलेल्या पडल्यात, त्यांच्यावर हात बसवायचा. मागच्या शनिवारी माझा पहिला प्रयत्न झाला. एक दात मोठा, एक छोटा. काकांनी पातं उजेडात धरलं आणि म्हणाले, "गाईचे दात आणि वासराचे दात. परत सगळे सपाट कर, पहिल्यापासून." ब्रँचची अट नाही, मुलींनीही यावं, स्टाफपैकी कुणाला यायचं असेल तर काकांना आनंदच होईल. तिकोनी कानस प्रत्येकाने आपली आणावी, सहा इंची, बारीक दातांची. शॉपमधल्या कानशी वेल्डिंगवाल्यांनी केव्हाच संपवल्यात.